अंगणातलं गाऱ्हाणं

कोकणात देवापुढे मनातल्या मनात मागून भागत नाही. मागायचं ते मोठ्यानं, चारचौघांत, आणि आपण स्वतः नाही तर आपल्या वतीनं गावकरानं. गावकर म्हणजे गावकीचा मानकरी. तो नारळ हातात धरून देवाला तुमची अडचण सांगतो, आणि प्रत्येक वाक्यामागे जमलेली माणसं एका सुरात ‘व्हय महाराजा’ म्हणतात. याला आमच्याकडे गाऱ्हाणं घालणं म्हणतात. बाकी महाराष्ट्रात गाऱ्हाणं ही तक्रार असते. आमची तक्रार असली तरी तिला नारळ, तांदूळ आणि साक्षीदार लागतात.

शिमग्याची पालखी दारात येते तो या गाऱ्हाण्याचा मोठा दिवस. रत्नागिरीकडे शिमगा म्हणजे एका रात्रीची होळी नव्हे. फाक पंचमीला तो सुरू होतो, कुठे तेरसेला होम लागतो तर कुठे पौर्णिमेला, आणि काही गावांत पालख्या पाडव्यापर्यंत घरोघर हिंडत असतात. वर्षभर कुलपात असलेली देवीची रुपं, म्हणजे मुखवटे, पालखीत लागतात, पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसते आणि मग वाडी वाडी करत घराघरात जाते. देवरुखच्या पुढे आमचं गाव. चाकरमानी गणपतीला एखाद वेळी चुकेल, पण शिमग्याला पालखी दारात असताना घराला कुलूप म्हणजे वर्षभर तोंड लपवायची वेळ.

माझं लहानपण लालबागच्या चाळीत गेलं, पण मार्चमध्ये परळहून सुटणारी रात्रीची एसटी ठरलेली. शाळेची परीक्षा वगैरे बाबांच्या लेखी नंतरच्या गोष्टी. कशेडी घाटात अर्धी गाडी खिडकीतून डोकं बाहेर काढून असायची. पहाटे उतरलं की आजीचं, म्हणजे आमच्या बायचं, अंगण शेणानं सारवलेलं, त्यावर रांगोळी, पायरीशी पाण्याचा हंडा. पालखी आली की आधी खांदेकऱ्यांच्या पायांवर पाणी ओतायचं. तापल्या मातीतून अनवाणी आलेले ते पाय, टाचांच्या भेगांत लाल धूळ. पाणी पडलं की माणसाच्या तोंडून आपोआप ‘हुश्श’ निघायचं. मग पालखी अंगणात टेकायची, बाय ओटी भरायची: खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. देवीची ओटी भरताना तिचे ओठ हलायचे, पण ते तिचं खाजगी. खरी कामगिरी त्याच्या आधीच होऊन गेलेली असायची. गावकर तात्यांना ती पडवीच्या कोपऱ्यात गाठायची आणि हळू आवाजात दोन-तीन वाक्यं सांगायची. तात्या ‘हूं, हूं’ करत ऐकायचे.

तात्यांची खुबी अशी की घरातली कच्ची गोष्ट ते पक्क्या शब्दांत बसवून द्यायचे. कुणाचा नवरा पितो, तर ‘घरात जी काय वाकडी वाट धरली गेली हाय ती सरळ कर.’ कुणाला मूल नाही, तर ‘वेल मांडवावर चढू दे.’ सगळ्यांना सगळं कळायचं आणि कुणाचं नाव निघायचं नाही. हल्ली खासगीपणाबद्दल मी बरंच ऐकते, वाचते. त्यातलं निम्मं तरी तात्यांना आधीपासून ठाऊक होतं.

१९८३ चं गाऱ्हाणं मला स्वच्छ आठवतं. बाबा गिरणीत साचे खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्या पहिल्या शिमग्याला गावात आलेले पुरुष जवळजवळ मजेत होते. दोन महिन्यांत मिटेल, संपाचे पुढारी डॉक्टर सामंत मिटवतील, तोवर होळीचा माड तोडायला हात आयतेच मोकळे. दुसऱ्या शिमग्याला तेच पुरुष गावातच होते, कारण परत जायला जागाच नव्हती. मुंबईतल्या गावकीच्या गाळ्याचं भाडं थकलेलं. आमच्या अंगणात त्या वर्षी नेहमीपेक्षा जास्त माणसं होती आणि ढोलही कमी वाजला असं नाही; उलट रिकामे हात जास्त जोरानं वाजवत होते. तात्या म्हणाले, ‘बा देवी महाराजा, मुंबयला गिरणीचा भोंगा परत वाजू दे, पोटापाण्याला गेलेल्या लेकरांच्या हाताला काम दे.’ ‘व्हय महाराजा’ असं आलं की पडवीतली पत्र्याची पेटी थरथरली. बाबांनी मात्र तोंड उघडलं नाही. मी त्यांच्याच बोटाला धरून होते. तो संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. पुढच्या वर्षी भोंग्याचं नाव गाऱ्हाण्यातून गेलं, नुसतं ‘हाताला काम’ उरलं. कुणी चर्चा केली नाही. गावानं काय सोडून दिलं हे मला वर्तमानपत्राच्या आधी तिथे कळलं.

लग्न झालं आणि मी घरच्या गाऱ्हाण्यातून बाहेर पडले. माहेरवाशिणीसाठी शेवटी एक ओळ असते, सगळ्या लेकींची मिळून एकच. मला ती खुपायची. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, संगमेश्वर रोडला उतरून तासाभरात घरी पोचता येऊ लागलं, तेव्हा मी तान्ह्या लेकीला घेऊन पुन्हा शिमग्याला जाऊ लागले. पाहुणी म्हणून.

मग एका वर्षी पाहुणी राहिले नाही. नवऱ्याचं घर सोडून आले होते, अर्ज कोर्टात होता. घरात सगळ्यांचं ठरलं की यंदा गाऱ्हाण्यात हा विषय नको. दादानं तात्यांना घरच्यांची खुशाली तेवढी सांगितली. तात्या तोवर बरेच थकले होते, हातातला नारळ थरथरायचा. सगळं सांगून झालं, लोक नारळ फुटायची वाट बघत होते, आणि तात्या थांबलेच नाहीत. ‘आन देवी महाराजा, ह्या घरची लेक घराला आली हाय. ह्यो तिचा घर हाय. तिचा नि तिच्या पोरीचा राखण कर.’ क्षणभर अंगण गोंधळलं. मग एका बाजूनं ‘व्हय महाराजा’ आलं आणि त्याच्यामागून बाकीचं. त्यात पाणवठ्यावर माझ्याबद्दल रोज काही ना काही बोलणाऱ्या बायाही होत्या. कुजबुज त्यानं थांबली असं मी म्हणणार नाही, कोकणात कुजबुज कशानंच थांबत नाही. पण कोर्टाचा निकाल लागायला पुढे बरीच वर्षं गेली. गावापुरता तो त्या अंगणात लागून गेला.

गाऱ्हाण्याची मला पटलेली गोष्ट हीच: ‘व्हय’ म्हणायचं की नाही हे सहसा माणसाच्या हातात राहत नाही. चुलते आप्पा आणि आमचं घर यांच्यात कलमांच्या बागेच्या हद्दीवरून दावा चालू होता. बोलणं बंद, वाट बंद, लग्नाची पत्रिकासुद्धा पोस्टानं. पण आप्पांचा खांदेकऱ्याचा मान, त्यामुळे पालखी घेऊन ते आमच्या अंगणात येणारच. दादानं हट्टानं दाव्याचा विषय घालायला लावला. नवा गावकर, तात्यांचा मुलगा, देवरुखला टेम्पो चालवतो, बापासारखाच धूर्त. म्हणाला, ‘दोन घरांत जो काय गुंता हाय तो तुजा तू सोडव महाराजा, खरा त्याला न्याव दे.’ दादा आणि आप्पा दोघंही बेंबीच्या देठापासून ‘व्हय महाराजा’ म्हणाले. खरा आपणच याबद्दल दोघांपैकी कुणालाच शंका नव्हती.

हे सगळं सांगताना गावाचं फार गोड चित्र उभं राहतं, तेव्हा दुसरी बाजूही सांगायला हवी. मानपानावरून कोकणात कित्येक गावांच्या पालख्या बंद पडल्या आहेत, शिमग्याला १४४ कलम लागलं आहे. पालखी आधी कुणाच्या दारात, यावरून डोकी फुटलेली आहेत. आणि गाव म्हणजे सगळं गाव नव्हतंच. बौद्धवाडीनं १९५६ च्या धर्मांतरानंतर गावकीतली जुनी कामं सोडली, ढोल खाली ठेवला. आमच्या वडीलधाऱ्यांनी बरीच वर्षं त्याचा रागच धरला होता. त्या वाडीचं मागणं आमच्या कुठल्याच गाऱ्हाण्यात मी कधी ऐकलं नाही, आणि लहानपणी ते का नाही हा प्रश्नही मला पडला नव्हता.

मागण्या बदलत गेल्या त्या ऐकत बसावं. पूर्वी पाऊस, गुरं, मनीऑर्डर. आता मोहोर टिकू दे, माकडांचा त्रास हटव, पोराला कंपनीत परमनंट कर. एका घरी व्हिसा मागितला गेला. गावकरानं ‘परदेशचा दाखला’ म्हटलं, देवीला ते बरं समजलं असावं. २०२१ मध्ये करोनामुळे पालखी सहाणेवरच राहिली आणि गाऱ्हाणं फोनवरून झालं. सहाणेजवळ रेंज यथातथाच. गावकर इकडे पुढच्या वाक्यावर गेलेला आणि मागच्या वाक्याचं ‘व्हय महाराजा’ विरारहून, डोंबिवलीहून, ठाण्याहून एकेक करत येतंय, मध्येच कुणाच्या तरी कुकरची शिटी. शेवटी त्यानं सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं. गावाबाहेरच्या माणसांना गाऱ्हाण्यात गप्प बसवलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. आणि गेली कित्येक वर्षं सर्वांत जोरात ‘व्हय’ कशाला येतं विचाराल तर मुंबई-गोवा महामार्गाला. चौपदरीकरण २०११ च्या सुमारास सुरू झालं. दरवर्षी देवीच्या कानावर घालतात. तिच्या अखत्यारीत तो येत नसावा.

यंदा आम्ही तिघी गेलो, आई, मी आणि लेक. लेक पुण्यात नोकरीला, लग्नाचा विषय काढला की फोन आला म्हणून उठणारी. आईनं गावकराला पडवीच्या त्याच कोपऱ्यात गाठलं. लेक पाण्याचा हंडा भरता भरता तिथे पोचली.

‘आजी, काय सांगत्येस त्यांना?’

‘तुझ्या कल्याणाचं.’

‘लग्नाचं नाही हं घालायचं. मी चालले मग.’

बाहेर ढोलकरी खोळंबले होते, चाळीसेक घरं अजून व्हायची होती. गावकरानं दोघींकडे पाहिलं, नारळाची शेंडी सारखी केली आणि अंगणात गेला. पोरीचं नाव घेऊन म्हणाला, ‘तिच्या मनाजोगता होऊ दे महाराजा.’ लेक सगळ्यात आधी ‘व्हय महाराजा’ म्हणाली. आई म्हणालीच नाही. ‘मनाजोगता म्हंजे काय? हे काय गाऱ्हाणं झालं?’ असं पुटपुटत ती पालखीच्या मागोमाग अंगणातून बाहेर पडली. आम्हाला वाटलं, पोचवायला चालली वेशीपर्यंत.

पुढचं घर आप्पांचं. आप्पा गेले, दावा दोन्ही घरांनी कंटाळून मिटवला. काकू आणि आई आता संध्याकाळी एकत्र काजू सोलत बसतात. कुंपणापलीकडे पालखी टेकली. काकूंच्या सुनेचं दुखणं, मुलाची बदली, सगळं झालं. आणि मग गावकराचा आवाज खणखणीत आला, ‘आन ह्या शेजारच्या घरच्या नातीचा वर्साच्या आत लगीन जमू दे!’

‘व्हय महाराजा!’

‘नाय महाराजा!’ लेक पडवीतून ओरडली. पण तोवर नारळ फुटला होता आणि ढोल सुरू झाला होता.