पोटातले पाणी

कोणत्याही सभेला जा, 'सुकाणू' हा शब्द कानांवर पडल्यावाचून राहत नाही. संस्थेचे सुकाणू, राष्ट्राचे सुकाणू, संसाराचे सुकाणू! ते कोणाच्या हाती द्यायचे, याचीच सारी चर्चा. खुद्द सुकाणूची प्रकृती कशी आहे, हे कोणी विचारीत नाही. मीही विचारले नसते. पण माझे थोरले मेहुणे अण्णा निवृत्तीनंतर शिडाच्या होडीच्या नादी लागले, आणि यंदा ज्येष्ठात पावसाळ्यासाठी होडी अलिबागजवळ किनाऱ्यावर ओढली तेव्हा तिच्या सुकाणूतून तीन दिवस पाणी ठिबकत राहिले.

लाकडी सुकाणू असते तर गोष्ट निराळी. लाकूड पाण्याने फुगते आणि फटी आपोआप मिटतात. अण्णांचे सुकाणू फायबरग्लासचे. बाहेर दोन पातळ कवचे, आत फोम, आणि वरून आत शिरलेला स्टेनलेसचा दांडा. त्याला पोटात पट्ट्या वेल्ड केलेल्या. दांडा कवचात शिरतो तो सांधा हेच दुखण्याचे मूळ. उन्हात धातू आणि फायबरग्लास सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यातून लाटांचे हिसके. केसाएवढी फट पडली की समुद्र आत!

अण्णांनी तळाशी चार भोके पाडली. तपकिरी, कुबट पाणी आले. मग सुकाणू एका जुन्या कपाटात टांगून खाली शंभराचा दिवा लावला. ओल बाहेर जावी म्हणून दार किलकिले. "घरातले कपडे वाळेनात, पण यांच्या सुकाणूची बडदास्त बघा!" असे वहिनी म्हणत. दर रविवारी रद्दीवाल्याच्या काट्यावर वजन होई. १९ किलो, १७, १६. आणि साडेपंधरावर काटा तीन रविवार अडला.

"वाळलं! भोकं बुजवतो. दिवाळीत नातवाला खांदेरीपर्यंत नेणार."

शेजारचा म्हातारा तांडेल म्हणाला, "पाणी काढलंत, पण पाण्यानं आत काय केलंय ते बघितलंत?"

अण्णांच्या पोटातले पाणी हलले नाही. "अहो, स्टेनलेस आहे ते!"

पण स्टेनलेसची सारी अब्रू प्राणवायूवर. हवेतल्या प्राणवायूने त्यावर एक अदृश्य साय धरते आणि तीच गंज रोखते. कोंडलेल्या खाऱ्या पाण्यात प्राणवायू संपला की साय विरते, आणि उघड्यावर वर्षानुवर्षे चकाकणारा धातू काळोखात पोखरला जातो. अण्णांना हे ठाऊक नव्हते असे नाही, ऐकायचे नव्हते.

"नातू त्याच होडीत बसणार ना?" वहिनींनी एवढेच विचारले.

दुसऱ्या दिवशी एका बाजूचे कवच कापले. खालची पट्टी वेल्डिंगपाशी निम्मी खाल्लेली होती. अण्णांनी पेचकस टेकवला आणि तो आरपार गेला. बराच वेळ कोणी बोलले नाही.

नव्या पट्ट्या, नवा फोम, वर इपॉक्सीत भिजवलेल्या फायबरग्लास कापडाचे थर. दांड्याभोवती मात्र खाच कोरून लवचिक सीलंट भरला. तिथे कडक लेप पुन्हा तडकला असता. घटस्थापनेला सुकाणू होडीवर चढले. आदल्या दिवशी वजन १५ किलो भरले होते. अण्णांनी तो आकडा होडीच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवला आहे, आणि पुढच्या ज्येष्ठासाठी रद्दीवाल्याला आत्ताच सांगून ठेवले आहे.