धाप लागलेला वेग

मेटल बँडमध्ये गायकाचं काम ठरलेलं असतं. स्टेजच्या मधोमध उभं राहायचं, माइक हातात घ्यायचा आणि समोरच्या गर्दीला पेटवायचं. कॅनडातल्या ओटावा शहरातल्या ‘एक्सायटर’ या बँडचं गणित वेगळं होतं. त्यांचा मुख्य गायक ड्रम्सवर बसायचा. डॅन बीलर दोन्ही पायांनी डबल बेस बडवायचा, हातांनी बाकीचा सेट आणि त्याच वेळी जिवाच्या आकांताने गायचा. गिटारवर जॉन रिची, बेसवर ॲलन जॉन्सन. बास, तिघंच. १९८३ मध्ये या तिघांचा पहिला अल्बम आला, ‘हेवी मेटल मेनियाक’.

बँडचं नाव जूडास प्रीस्टच्या १९७८ च्या ‘स्टेन्ड क्लास’ अल्बममधल्या एका गाण्यावरून घेतलेलं. ते गाणं सुरूच होतं लेस बिंक्सच्या डबल बेसने. पुढच्या वर्षी मोटरहेडच्या ‘ओव्हरकिल’ने तीच आग आणखी भडकवली. पोरांनी बरोबर हाच धागा पकडला. हेवी मेटलची चाल, सगळ्यांनी मिळून ओरडायचा कोरस, लांबलचक सोलो हे सगळं तसंच ठेवायचं, फक्त गाडी टॉप गिअरमध्ये टाकायची. स्पीड मेटल म्हणजे साधारण हेच. थ्रॅशचा कोरडा राग अजून त्यात पुरता उतरलेला नव्हता.

अल्बम काढला कॅलिफोर्नियातल्या माइक वार्नीच्या ‘श्रॅपनेल’ या छोट्या लेबलने. गंमत म्हणजे हेच लेबल पुढे बोटांची जादू दाखवणाऱ्या गिटारिस्टांसाठी प्रसिद्ध झालं. मार्टी फ्रीडमन आणि जेसन बेकरचा ‘कॅकोफनी’ इथलाच. त्याच १९८३ मध्ये मेटालिकाचा पहिला अल्बम ‘मेगाफोर्स’ने काढला आणि पुढच्या वर्षी एक्सायटरचा दुसरा अल्बमही त्याच लेबलवर आला. म्हणजे दोघंही एकाच फलाटावर उभे होते. मेटालिकाचं पुढे काय झालं ते मेटल न ऐकणाऱ्यांनाही माहीत आहे. एक्सायटर मात्र एकाने दुसऱ्याच्या कानात सांगावं असं नाव राहिलं.

माझ्या कानात ते एका सिनियरच्या हार्ड डिस्कमधून आलं, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. परवा बऱ्याच वर्षांनी अल्बम पुन्हा सलग ऐकला, चांगले हेडफोन लावून. मनात धाकधूक होती. विशीत डोक्यावर घेतलेल्या गोष्टी तिशीजवळ बघितल्या की फार लहान दिसतात.

आकड्यांत बघितलं तर हा अल्बम आज वेगवान नाहीच. एखादी रील उघडा, त्यातला ड्रमर याच्या कितीतरी पुढे असतो. तरीही मिनिटभराच्या इंट्रोनंतर ‘स्टँड अप अँड फाइट’ सुरू झालं आणि मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. ते आजच्या बहुतेक रेकॉर्डिंगपेक्षा जास्त वेगात पळतंय असं वाटत होतं. असं का व्हावं?

आज ड्रम्स बहुतेक वेळा क्लिकवर वाजवतात. मग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ठोका ग्रिडवर नेमका बसवतात, कमजोर ठोक्याच्या जागी तयार सॅम्पल टाकतात. सगळं चोख. पण सगळे ठोके सारखेच जोरकस असले की कान त्यांना वेग म्हणून मोजायचं थांबवतो. पंख्याची घरघर थोड्या वेळाने ऐकू येईनाशी होते, तसं.

‘मेनियाक’मध्ये वेगाची किंमत ऐकू येते. बसून दोन्ही पाय सतत चालवायचे तर तोल पोट आणि कमरेवर येतो. गाण्यासाठी श्वासाला आधार द्यायचा तोही तिथूनच. म्हणजे बीलरचे पाय आणि गळा एकाच साठ्यावर भांडत असतात. त्याच्या ओळी तुटक आहेत, शेवटी किंकाळी फुटते आणि पुढची ओळ जेमतेम वेळेवर येते. दरवेळी वाटतं, आता सुटणार. सुटत नाही. ‘जमतंय’ आणि ‘आता जमणार नाही’ यांच्यामधल्या त्या चिंचोळ्या पट्टीत हा अल्बम पळतो.

याचा अर्थ सगळं सोनं आहे असं नाही. चेटकिणी, उठून बसलेली प्रेतं, युद्ध... शब्द वहीच्या मागच्या पानावर खरडलेल्या चित्रांसारखे आहेत. इंट्रोला ‘द होलोकॉस्ट’ असं नाव देणं तर आज खटकतंच. आवाज पातळ आणि खरखरीत. पण शेवटून दुसरं गाणं, ‘ब्लॅक विच’, जरूर ऐका. इथे ते एकदम संथ होतात, आणि बीलरला श्वास घ्यायला जागा मिळाल्यावर कळतं की या माणसाला खरंच गाता येतं. इतर गाण्यांत तो दमतो, कारण त्याने काम अवघड घेतलंय.

मी ज्या धंद्यात आहे तिथे मेहनत दिसता कामा नये. ॲप उघडलं की झटकन उघडलं पाहिजे, मागे कोणी रात्र काढली ते युजरला कळू नये. ते बरोबरच आहे. पण हा नियम हळूहळू मी सगळ्यालाच लावायला लागलो होतो. कॉलेजात मी ड्रम्स वाजवायचो. नंतर रील्समधली घड्याळासारखी पोरं बघून वाटायला लागलं, आपण वाजवून काय उपयोग, यांच्याइतकं स्वच्छ कधी होणार? प्रॅक्टिस पॅड कपाटावर गेलं.

एक्सायटरही स्वच्छ नव्हते. १९८५ च्या तिसऱ्या अल्बमनंतर रिची बाहेर पडला, मूळ त्रिकूट फुटलं. २०१४ मध्ये तिघं पुन्हा एकत्र आले तेव्हा ‘मेनियाक’ला तीस वर्षं उलटून गेली होती आणि तरीही त्याची वाट बघणारे लोक होते. नेमकेपणासाठी इतकी वर्षं कोणी थांबत नाही.

रविवारी सकाळी एक तास जॅम रूम घेतली आहे. गाता गाता वाजवून बघणार आहे. चार बार टिकले तरी पुष्कळ.