कल्याणमित्र आणि एकवीस किलोमीटर

जामनेरहून पहूरला जाणारा रस्ता पुढे फर्दापूरमार्गे अजिंठ्याच्या लेण्यांकडे जातो. बुद्ध पौर्णिमेपासून वर्षभर, प्रत्येक पौर्णिमेनंतरच्या रविवारी, मी व माझा हमाली करणारा मित्र या रस्त्यावर अर्धमॅरेथॉन म्हणजे २१.१ किलोमीटर धावलो. पहाटे विहारात त्रिशरण-पंचशील घ्यायचे, साडेदहा किलोमीटर जायचे नि तेवढेच परत यायचे. श्रावणात चिखल, कार्तिकात वेचणीला आलेला कापूस, चैत्रात सकाळीच चटके देणारे ऊन. शेतावर निघालेल्या बाया विचारत, “या वयात पोलीसभरती का भाऊ?”

दम पुरेना म्हणून तिसऱ्या महिन्यात मित्राने तंबाखूची पुडी सोडली. पाचवे शील असे रस्त्यावर पाळले गेले. एकट्याचा निश्चय मोडतो. पण चौकात कोणी वाट पाहत असेल तर अंथरूण सोडावेच लागते. कल्याणमित्रता हे अर्धे नव्हे, संपूर्ण धम्मजीवन आहे, असे तथागतांनी आनंदाला सांगितले होते, ते याचसाठी.

तथागतांनी ४५ वर्षे पायी चारिका केली. त्यांच्या अनुयायांना चाळिशीतच जिना चढताना धाप लागावी, हे बरे नव्हे. बंधू-भगिनींनो, एक सोबती शोधा. सुरुवातीला दोन किलोमीटर चाललात तरी पुष्कळ. जयभीम!