मोठ्या स्क्रीनचा लॅपटॉप आणि शेवटच्या रांगेतला मुलगा



यंदाच्या दसऱ्याला मी १७.३ इंची स्क्रीनचा लॅपटॉप घेतला. तेव्हापासून केंद्रातल्या शिक्षकांनी, शेजाऱ्यांनी, दोन-तीन पालकांनीही विचारलं, "मॅडम, कसा काय आहे? आम्ही पण घ्यावा का?" प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावं म्हणून हा लेख. लॅपटॉपबद्दल जे कळलं ते सांगतेच. पण त्याच्यामुळे माझ्या वर्गातली माझीच एक चूक मला दिसली, तीही सांगायची आहे. ती लपवली तर लेख अर्धवट राहील.

खरेदी आणि खंडेपूजा

माझी शाळा तुळजापूर तालुक्यातली, जिल्हा परिषदेची, दोन शिक्षकी. माझ्याकडे तिसरी-चौथी एकत्र, पट २३. आधीचा लॅपटॉप १४ इंची, नोकरीच्या सुरुवातीला घेतलेला. त्याची बिजागरी सैल झाली होती, मागे डबा टेकवून तो उभा करावा लागायचा. शाळेतला टीव्ही बंद पडून वर्ष झालेलं. म्हणून विचार केला, पतसंस्थेचं कर्ज काढतोच आहोत तर मोठ्यातला मोठा स्क्रीन घेऊ. ऑनलाइन माहितीही भरता येईल आणि वर्गात टीव्हीसारखाही वापरता येईल.

नवरात्रात तुळजापुरात किती गर्दी असते ते तुम्हाला सांगायला नको. त्यातच वेळ काढून इथे चौकशी केली, तर "१७ इंची मागवावा लागेल" म्हणाले. शेवटी एका रविवारी आम्ही दोघं सोलापूरला गेलो आणि घेऊन आलो. दुकानात मला लॅपटॉपसमोर बरोबर मधोमध बसवलं आणि एक रंगीत व्हिडिओ लावला. पोपट, समुद्र, फुलं. मी हरखून गेले. ही मधोमध बसण्याची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

दसऱ्याला घरी खंडेपूजा असते. अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, विळा-खुरप्याशेजारी लॅपटॉपही मांडायला लावला. सासूबाईंनी हळद-कुंकू हातात घेतलं तशी मी ओरडले, "आई, झाकणावर लावा, बटणांवर नको!" झेंडूचं फूल आणि आपट्याची पानं त्यालाही मिळाली.

पहिल्या आठवड्यात काय जाणवलं

पहिलं म्हणजे वजन. सव्वादोन किलोच्या वर, शिवाय चार्जर. स्कूटीवरून रोज नेताना खांदा सांगतो. जुनी बॅग तर निरुपयोगीच झाली, कारण ती १५.६ इंचापर्यंतच्या लॅपटॉपसाठी होती. चेन लागेना. पहिले चार दिवस मी तो टॉवेलात गुंडाळून साध्या पिशवीतून नेला.

दुसरं, कीबोर्ड. उजवीकडे आकड्यांची वेगळी बटणं आहेत. गुण भरताना त्यांचा फार उपयोग होतो. पण त्यामुळे अक्षरांची बटणं डावीकडे सरकली आहेत. सवयीने हात मध्यावर जातात आणि भलतंच टाइप होतं. मी इन्स्क्रिप्टने मराठी लिहिते, तर पहिल्या दिवशी मलाच माझं मराठी वाचता येईना. तीन-चार दिवसांत हात बसला.

तिसरं, मला चकवणारं. मोठा स्क्रीन म्हणजे मोठं अक्षर, असं मी धरून चालले होते. तसं होत नाही. मोठ्या स्क्रीनवर जागा वाढते, अक्षर आपल्याला वाढवावं लागतं. सेटिंगमध्ये जाऊन मजकुराचा आकार १५० टक्के केला, तेव्हा अण्णा आरामात पेपर वाचायला लागले. निकालपत्रकाचं काम मात्र खरंच सुखाचं झालं. आडवं ए-४ पान जवळजवळ खऱ्या आकारात दिसतं. विद्यार्थ्याचं नाव पाहायला डावीकडे आणि एकूण गुण पाहायला उजवीकडे सरकवत बसावं लागत नाही.

चौथं, बॅटरी. तिच्यावर ५० वॅट-तास असं लिहिलंय. मोठ्या स्क्रीनचा उजेड पूर्ण ठेवून सरासरी १५ वॅट खर्च झाले, तर हिशेबाने सव्वातीन तास निघतात. लाइट गेली की तेवढ्यातच भागवावं लागतं.

आणखी दोन मालकांना विचारलं. केंद्रातल्या एका सरांनी १६ इंची घेतलाय. त्याचा स्क्रीन उंचीला जास्त असलेल्या प्रकारातला आहे. आम्ही पट्टी लावून पाहिली, तर त्याची उंची माझ्याएवढीच, साडेएकवीस सेंटीमीटर. रुंदी मात्र चार सेंटीमीटरने कमी. ते म्हणाले, "मॅडम, पान खाली सरकवायचं काम कमी झालं बघा, आणि बॅगेत मावतो." गावातल्या ई-सेवा केंद्रवाल्या दादांकडे माझ्यासारखाच १७ इंची आहे. त्यांना वजनाचं विचारलं तर हसले, "आमचा टेबलावरून हलतच नाही की, मॅडम." म्हणजे लॅपटॉप तोच असला तरी प्रत्येकाचं पहिलं मत तो कुठं बसतो आणि काय काम करतो यावरून ठरतं.

मुलांनी पट्टी लावली

शाळेत नेला त्या दिवशी मुलांनी गराडा घातला. "लईच मोठाय ओ बाई हे! टीव्हीच की!" मी म्हटलं, हा १७.३ इंची आहे, मोजा बरं. चौथीतल्या दोघी पट्टी घेऊन आल्या. आडवं मोजलं. एक जण गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "बाई, तुमाला फसवलं दुकानदारानं. पंधराच इंच भरलंय."

इतका छान पाठ आयता कुठे मिळतो? उंची मोजली, साडेआठ इंच. मग १७.३ कुठे लपलेत? पट्टी इकडून तिकडे फिरवता फिरवता एकाने ती तिरकी ठेवली, खालच्या कोपऱ्यापासून वरच्या कोपऱ्यापर्यंत. सापडले! टीव्ही, मोबाइल, लॅपटॉप सगळ्यांचे इंच असे तिरके मोजतात.

मग जुना लॅपटॉप शेजारी ठेवला. पूर्ण सेंटीमीटरच धरायचे असं ठरवलं. जुना ३१ गुणिले १७, म्हणजे ५२७ चौकोन. नवा ३८ गुणिले २१, म्हणजे ७९८. इंच वाढले तीनच्या आसपास, पण जागा झाली दीडपट. चौथीच्या क्षेत्रफळासाठी हा उपक्रम जरूर करून पाहा. घरच्या मोबाइलवरही करता येतो.

शेवटच्या रांगेत बसून पाहिलं

दुसऱ्या दिवशी दीक्षावरचा एक व्हिडिओ लावला. (ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी : पुस्तकातल्या क्यूआर कोडखाली सहा अक्षरी कोड छापलेला असतो, तो लॅपटॉपवर टाइप करता येतो.) २३ मुलं समोर अर्धवर्तुळात बसवली. दोन मिनिटांत कडेची मुलं उठून मध्ये घुसायला लागली. मी दटावलं. पुन्हा घुसली. मला वाटलं, शिस्त बिघडली.

शाळा सुटल्यावर सहज कडेच्या जागेवर जाऊन बसले. चित्र फिकट पडलं होतं आणि रंग उलटल्यासारखे वाटत होते. समोरच्या खिडकीचा उजेडही स्क्रीनवर चमकत होता. नंतर माहिती काढली. टीएन प्रकारच्या पॅनलचे रंग बाजूने पाहिले की बदलतात, आयपीएस प्रकारात हा त्रास बराच कमी असतो. माझा टीएन निघाला. दुकानात मी हे विचारलंच नव्हतं, कारण मला मधोमध बसवलं होतं आणि तिथून सगळं सुंदरच दिसत होतं. मालक समोर बसतो, मुलं कडेला बसतात.

टीव्हीसारखा वापरू, हा माझा हिशेबही चुकला. ३२ इंची टीव्हीची जागा या स्क्रीनच्या जवळजवळ साडेतीनपट भरते. म्हणून आता मी पाच-सहा मुलांचे गट करते आणि बाकीच्यांना दुसरं काम देते. स्क्रीन खिडकीकडे पाठ करणाऱ्या भिंतीला न ठेवता आडव्या भिंतीला ठेवते.

आणि तो मुलगा

गटवाचन सुरू केलं तेव्हा चौथीतला एक मुलगा पुन्हा पुन्हा उठून स्क्रीनजवळ यायचा. त्याचं नाव लिहीत नाही. उंच म्हणून मीच त्याला शेवटच्या रांगेत बसवलेलं. माझ्या नोंदवहीत त्याच्यापुढे जूनपासून काय लिहिलंय ते सांगते : "फळ्यावरून उतरवताना निष्काळजी. लक्ष नाही." त्याच्या वहीत 'घर'चं 'धर' व्हायचं, 'भात'चा 'मात', 'बाग'ची 'वाग'. उदाहरणात ६ चा ३. उदाहरणच चुकीचं उतरवलं की उत्तर बरोबर येणार कुठून? मी लाल पेनाने गोल करत राहिले.

त्या दिवशी उतारा स्क्रीनवर होता. त्याला म्हटलं, "जागेवर बस, तिथनंच वाच." तो अडखळायला लागला. जुन्या लॅपटॉपचा विषय असता तर मी पुढच्याला वाचायला सांगितलं असतं. पण आता जागा होती, म्हणून सहज अक्षर मोठं केलं. पुन्हा मोठं केलं. ओळीत चारच शब्द मावतील एवढं केलं. आणि तो घडाघडा वाचायला लागला. 'घ' आणि 'ध' दोन्ही बरोबर. मी अक्षर लहान केलं, तो थांबला. मोठं केलं, तो सुरू. पोरं हसायला लागली, त्यांना खेळच वाटला. माझ्या मात्र पोटात खड्डा पडला.

त्याला लक्ष नव्हतं असं नाही. त्याला फळा दिसत नव्हता.

मधल्या सुट्टीत त्याला विचारलं, "अरे, सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला, "समद्यांला असंच दिसतं वाटलं, बाई." याला मी काय उत्तर देणार? आरोग्य तपासणीचं पथक शाळेत आलं होतं, त्या दिवशी तो गैरहजर होता. राहिलेल्या मुलांची तपासणी करून घेणं माझं काम होतं. ते राहून गेलं.

त्याच्या आईला बोलावलं. ती द्राक्षबागेत कामाला जाते, एक रोज बुडवून आली. ती म्हणाली, "मोबाइलनंच केलं असंल मॅडम हे." मी म्हटलं, "ताई, कारण डॉक्टरांना ठरवू द्या. आधी दाखवून तर या." सरकारी दवाखान्यात दाखवलं. निकटदृष्टिता निघाली : जवळचं नीट दिसतं, दूरचं अंधुक. दोन्ही डोळ्यांना उणे नंबर, म्हणजे अंतर्गोल काचेचा चष्मा. म्हणूनच पुस्तक तो बरं वाचायचा आणि फळ्यावरचं चुकायचा. हा फरक माझ्या समोर होता. मी वाचला नाही.

आता तो पहिल्या रांगेत बसतो. चष्म्याला दोन दिवस पोरांनी चिडवलं, मग विसरली. सगळं एका दिवसात सुटलं असं मात्र नाही. मागे राहिलेलं खूप आहे, गुणाकारात तो अजून अडतो. नोंदवहीतली ती ओळ मी खोडली नाही. तिच्याखाली तारीख घालून लिहिलं, "नजर कमी होती. चूक माझी."

आता तुमच्यासाठी थोडक्यात

१. लॅपटॉप घेताना समोर बसून पाहाल तसाच कडेला उभं राहूनही पाहा. पॅनल आयपीएस आहे का विचारा.
२. रोज ने-आण असेल तर वजन आणि बॅग आधी पाहा. एका जागी ठेवायचा असेल तर १७ इंची खुशाल घ्या.
३. पूर्ण वर्गाला दाखवायचं असेल तर लॅपटॉपचे इंच वाढवण्यापेक्षा टीव्ही जोडता येतो का बघा.
४. फळ्यावरून उतरवताना घ-ध, भ-म, ब-व, ३-६ अशा चुका वारंवार करणारं आणि पुस्तकातून मात्र बरं वाचणारं मूल दिसलं, तर आधी डोळे तपासून घ्यायला सांगा. ६ मीटरवरून ६/६ नजरेच्या माणसाला साधारण ९ मिलिमीटर उंचीचं अक्षर ओळखता येतं. वर्गात आपण ढोबळ अंदाज घेऊ शकतो, तपासणी मात्र डॉक्टरांचीच.
५. पालकहो, मूल टीव्हीच्या जवळ जाऊन बसत असेल, डोळे बारीक करत असेल तर फक्त रागावू नका. आणि रोज थोडा वेळ उजेडात, मैदानात खेळू द्या. ते डोळ्यांसाठीही चांगलं.

लॅपटॉप आवडला का? हो, आवडला. हप्ते अजून बरेच आहेत. पण जूनमध्ये वर्गात पाऊल ठेवल्यावर आठ दिवसांत मी २३ मुलांबद्दल माझं पहिलं मत बनवते, तेही माझ्या खुर्चीतून, मधोमध बसून. आता दर महिन्याला एक दिवस, शाळा सुटल्यावर, मी शेवटच्या रांगेत बसून फळा वाचून बघते. तुम्हीही एकदा बसून बघा.