पोहोचलीस की मिस्ड कॉल दे

साताऱ्याच्या स्टँडवर एसटीत बसवून देताना आई हे वाक्य हमखास म्हणायची. तुमच्याही घरी कुणीतरी म्हणत असेलच. फोन उचलायचा नाही, पैसे खर्चायचे नाहीत. एक रिंग वाजली की आई समजायची, पोरगी सुखरूप पोहोचली. दर दहा मिनिटांनी ‘कुठे आहेस?’ विचारायची गरजच नाही.

या मिस्ड कॉलचा एक चुलतभाऊ मला मानेसरला भेटला. त्याचं नाव वेबहुक. नाव ऐकून घाबरू नका, मीही आधी घाबरलेच होते.

मानेसर म्हणजे गुरुग्रामच्या पुढे, दिल्ली-जयपूर महामार्गावरची औद्योगिक वसाहत. मारुती सुझुकीचा मोठा कारखाना इथे आहे आणि आजूबाजूला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कितीतरी कंपन्या. अशाच एका कंपनीत यांची चाकणहून बदली झाली आणि आम्ही इथे आलो. दिवाळीत शेजारच्या चार मराठी घरांना फराळ करून दिला, पुढच्या वर्षी चाळीस घरांनी मागितला. असा माझा व्यवसाय सुरू झाला.

ऑर्डरी वाढल्या तसं बिलांसाठी एक सॉफ्टवेअर घेतलं. गिऱ्हाईक लिंकवर ऑर्डर नोंदवून पैसे भरतं आणि खात्यात नोंद होते. अडचण एकच. पैसे आले की नाही हे बघायला मला सारखं खातं उघडावं लागायचं. कढईत चकली, पिठाच्या हातात मोबाईल. दिवसातून वीस वेळा तरी.

पुण्यात इंजिनिअरिंग शिकणारा भाचा व्हिडिओ कॉलवर हे बघून हसला. म्हणाला, “मावशी, तू सारखी दारात जाऊन विचारतेस, कुणी आलं का? त्यापेक्षा बेल बसव ना!”

ती बेल म्हणजे वेबहुक. ‘अमुक घडलं की या पत्त्यावर कळव,’ असं आपण सॉफ्टवेअरला सांगून ठेवायचं. हा शब्द २००७ साली जेफ लिंडसे या अमेरिकन प्रोग्रामरने रूढ केला. यांना समजावलं तर हे म्हणाले, “आमच्याकडे कानबान असतं तसंच की! खोका रिकामा झाला की त्याचं कार्डच सांगतं, माल पाठवा. कुणी सारखं मोजत बसत नाही.”

जोडणी मला वाटली होती तेवढी अवघड नव्हती. खात्याच्या सेटिंगमध्ये वेबहुकचं पान असतं. तिथे आपला पत्ता, म्हणजे यूआरएल, टाकायचा. कोणत्या घटनेची खबर हवी ते निवडायचं. मी फक्त ‘पैसे जमा झाले’ एवढंच निवडलं. मग चाचणीचा निरोप पाठवून बघायचा. तो निरोप घेणारा छोटा प्रोग्राम भाच्याने लिहून माझ्या लॅपटॉपवर बसवला. आता पैसे आले की नाव, पदार्थ आणि तारीख आपोआप माझ्या स्वयंपाकाच्या यादीत उतरायची. मी खातं उघडणं बंदच केलं. किती सुख होतं ते!

आणि इथेच मी चुकले.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी सात वाजता फोन आला. “काकू, फराळ घ्यायला कधी येऊ?” लातूर-नांदेडकडची आठ मुलं, आयटीआय करून इथे कामाला लागलेली, कासन गावात भाड्याच्या खोल्यांत राहणारी. सुट्टी मिळाली नव्हती. घराबाहेरची पहिलीच दिवाळी. वर्गणी काढून त्यांनी आठवड्यापूर्वी पैसे भरले होते. माझ्या यादीत त्यांचं नावच नव्हतं.

खातं उघडलं तर पैसे होते. ज्या शनिवारी रात्री त्यांनी ते भरले, त्या रात्री मी लॅपटॉप मिटला आणि रविवारभर कामाच्या गडबडीत उघडलाच नाही. सॉफ्टवेअरने निरोप पाठवला, पोच मिळाली नाही, थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पाठवला आणि शेवटी नाद सोडला. दोष त्याचा नव्हता. बेल वाजली नाही म्हणजे दारात कुणी नाही, असं मीच धरून चालले होते.

भाजणी एका घाण्यापुरती उरली होती, पोहे होते, मैदा होता. यांनी रात्रपाळी करावी तसा झारा हातात घेतला. पहाटे तीनला शेवटची शंकरपाळी निघाली. सकाळी दोन मुलं डबे न्यायला आली. मी माफी मागितली. त्यातल्या एकाने दारातच चिवड्याची मूठ तोंडात टाकली आणि म्हणाला, “आमच्याकडेपण असाच करतात, काकू.” मला पुढे बोलताच आलं नाही.

तुमचाही असा छोटा व्यवसाय असेल आणि वेबहुक जोडणार असाल, तर माझ्या चुकीतून चार गोष्टी घ्या.

निरोप घेणारा प्रोग्राम घरच्या लॅपटॉपवर नको. चोवीस तास चालू राहणाऱ्या सर्व्हरवर ठेवा. निरोप आला की आधी लगेच पोच द्या, बाकीचं काम नंतर. पोच उशिरा गेली तर तोच निरोप पुन्हा येतो. मला एकाच घराच्या करंज्या दोनदा दिसल्या होत्या, म्हणून प्रत्येक निरोपाचा क्रमांक तपासा आणि आलेला क्रमांक पुन्हा धरू नका. चौथी गोष्ट, निरोप खरा कुणाचा हे बघा. पत्ता कळला तर कुणीही ‘पैसे आले’ असं खोटं कळवू शकतं. त्यासाठी खात्यात एक गुप्त किल्ली मिळते, तिच्यावरून निरोपावरची सही पडताळता येते. ती किल्ली पासवर्डसारखीच जपा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, रोज रात्री एकदा खातं आणि यादी जुळवून बघा. वीस वेळा नको, पण एकदा तरी बघाच. आईसुद्धा मिस्ड कॉलच्या भरवशावर कुठे बसायची? दिवेलागणीपर्यंत रिंग आली नाही की शेजारच्या काकांकडून मामाकडे फोन लावायची.

आता आई सत्तरीची आहे, साताऱ्यात एकटीच राहते. रोज सकाळी चहा झाला की ती मला मिस्ड कॉल देते. आठपर्यंत तो आला नाही, तर मी ‘सगळं ठीकच असेल’ म्हणून गप्प बसत नाही. गॅस बारीक करते आणि मीच फोन लावते.