चांदवड : लेण्याच्या पायथ्याचे एक अधिवेशन

नाशिकहून मुंबई-आग्रा महामार्गाने निघालेला प्रवासी ओझर, पिंपळगाव बसवंत व वडाळीभोई मागे टाकीत सुमारे ६५ किलोमीटरवर चांदवडला पोहोचतो. वाटेत द्राक्षांच्या बागा आणि कांद्याच्या चाळी दिसतात, समोर सातमाळ्याची डोंगररांग उभी असते. डोंगरातील प्राचीन लेण्यात तीर्थंकरांच्या मूर्ती कोरलेल्या आहेत. गावातील श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम १९२८ पासून विद्यादान करीत आला आहे. लेण्याचे दर्शन घ्यावे, होळकरांचा रंगमहाल पाहावा आणि परतावे, असा यात्रेकरूंचा क्रम असतो. या गावाची आणखी एक ओळख मात्र सहसा कोणी सांगत नाही.

९ व १० नोव्हेंबर १९८६ रोजी, दिवाळी सरून आठवडा झाला असता, शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन येथे भरले. गावोगावच्या लाखाहून अधिक स्त्रिया आल्या. त्यांतील बहुतेक जणी शेतात राबणाऱ्या होत्या. शहरातील सुशिक्षित स्त्रियांच्या सभा महाराष्ट्राने पूर्वी पाहिल्या होत्या. ग्रामीण स्त्रियांचा एवढा मेळावा अपूर्व होता. शेतमालाच्या भावासाठी लढणारे शरद जोशी यांनी तेथे शेतकऱ्याच्या लुटीचा प्रश्न स्त्रीच्या दास्याच्या प्रश्नाशी जोडला. त्यांचे हे विवेचन पुढे ‘चांदवडची शिदोरी’ या नावाने पुस्तकरूपाने आले.

ही शिदोरी गावोगाव पोहोचली. १९८९ मध्ये जळगाव जिल्ह्यातील विटनेरची संपूर्ण ग्रामपंचायत स्त्रियांच्या हाती आली. त्यानंतर ‘लक्ष्मीमुक्ती’चे अभियान सुरू झाले. पतीने स्वेच्छेने जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करावा, हे त्याचे स्वरूप. ज्या गावात किमान १०० कुटुंबे असे करतील, ते गाव लक्ष्मीमुक्त म्हणून गौरविले जाई. जन्मभर ज्या शेतात घाम गाळला, त्याच्या सातबाऱ्यावर हजारो स्त्रियांचे नाव प्रथमच लागले.

हा प्रश्न केवळ शेतकऱ्यांचा नव्हता. व्यापारी कुटुंबातील गृहिणी पहाटेपासून घर सांभाळते, पुष्कळ ठिकाणी दुपारी गल्ल्यावर बसते आणि उधारीही ध्यानात ठेवते. दिवाळीला तिला लक्ष्मी म्हणून ओवाळले जाते, वह्यांची पूजाही तिच्याच तबकाने होते. दुकानाच्या व गोदामाच्या कागदावर मात्र तिचे नाव क्वचितच आढळते. दागिने तिचे, वास्तू दुसऱ्याची, अशी ही जुनी वाटणी आहे.

कायदा या बाबतीत पुढे गेला आहे. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क दिला आणि २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो विवाहित मुलींनाही मिळाला. तरीही वडिलांच्या पश्चात हक्कसोडपत्र पुढे येते. माहेर तुटू नये म्हणून बहीण त्यावर सही करते आणि भावाला हे वावगे वाटत नाही.

भगवान महावीरांनी चतुर्विध संघात साधू-श्रावकांसमवेत साध्वी व श्राविकांना स्थान दिले. चंदनबाला ३६,००० साध्वींच्या प्रमुख झाल्या, असे परंपरा सांगते. दासी म्हणून विकल्या गेलेल्या स्त्रीला धर्माने संघाचे धुरीणत्व दिले. ज्या घरात अपरिग्रहाचा पाठ रोज होतो, तेथे पत्नीचा व बहिणीचा वाटा आपल्याकडे राखून ठेवणे हाही परिग्रहच ठरत नाही काय?

चांदवडच्या लेण्याकडे सहकुटुंब चढणाऱ्या यात्रेकरूने वर पोहोचल्यावर एकदा मागे वळून पाहावे. ज्या गावात त्या लाख स्त्रिया आपापल्या घरून निघून जमल्या होत्या, ते गाव तेथून पायथ्याशी दिसते. उतरताना वाटेत पत्नीशी आणि बहिणीशी बोलण्यास पुरेसा वेळ मिळतो.