फळा, पाटी आणि मोबाईल

गेल्या आठवड्यात आमच्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. (मुख्याध्यापक म्हणजे माझाच एकेकाळचा विद्यार्थी, पण आता मी त्याला 'अहो सर' म्हणते आणि तो लाजतो!) "बाई, शनिवारी पालकसभा आहे. शाळेत मोबाईल असावा की नसावा, यावर दोन शब्द बोलाल का? निम्मे पालक म्हणतात पूर्ण बंदी करा, निम्मे म्हणतात वर्गावर्गात टॅब द्या. तुमचं दोघंही ऐकतील."

हो म्हणून बसले खरी. पण वही पुढ्यात घेतली आणि पहिल्या ओळीलाच अडले. कारण या विषयावर बोलायचं तर मला आधी माझीच एक चूक सांगावी लागेल. पालकांसमोर सांगायला जमेल की नाही कोण जाणे, म्हणून आधी इथे लिहून बघते आहे.

मी १९७४ साली शिक्षिका झाले आणि २००९ साली निवृत्त. पस्तीस वर्षं मराठी शिकवलं. आमच्या वेळी वर्गातलं 'तंत्रज्ञान' म्हणजे खडू, फळा, नकाशा आणि मुख्याध्यापकांच्या खोलीतला रेडिओ. शेवटच्या तीन-चार वर्षांत दप्तरांतून मोबाईल दिसू लागले. आमचा नियम सोपा होता. सापडला की जप्त, पालक आले की परत. जप्त केलेल्या मोबाईलमध्ये काय असतं, हे बघायची मला कधी गरज वाटली नाही. आणि खरं सांगायचं तर तो उघडायचा कसा हेही ठाऊक नव्हतं!

मग आला २०२०चा मार्च. शाळांना कुलपं लागली. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' असं म्हणत सगळा कारभार मोबाईलवर गेला. ज्या वस्तूला आम्ही वर्षानुवर्षं वर्गाबाहेर हाकललं, तीच वर्ग होऊन बसली. आमच्या गल्लीत एकेका घरात एकच फोन, तो वडिलांबरोबर कामावर जायचा. संध्याकाळी तो घरी येईपर्यंत दिवसभराचा अभ्यास फोनमध्ये साठून राहायचा. ते बघून मी पुढच्या वर्षी, म्हणजे २०२१च्या पावसाळ्यात, आमच्या पडवीत पाच-सहा मुलांना बसवू लागले. अंतर ठेवून, तोंडाला फडकी बांधून.

त्यात चौथीतला एक मुलगा होता. नाव सांगत नाही, का ते पुढे कळेलच. हुशार डोळ्यांचा, पण वाचायला घाबरायचा. अक्षरं जुळवताना घाम फुटायचा त्याला. माझ्या सुनेने मला मोबाईलवर आवाज आणि व्हिडिओ कसा टिपायचा ते शिकवलं होतं. मी एक युक्ती केली. त्याने एक परिच्छेद वाचायचा, मी टिपायचा, आणि मग आम्ही दोघांनी बसून तो ऐकायचा. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकून तो खुदकन हसला. मग हळूहळू त्यालाच कळायला लागलं, "बाई, हितं मी थांबलोच न्हाई," "हितं मी दोनदा म्हनलं." माझ्या पस्तीस वर्षांच्या लाल शाईला जे जमलं नव्हतं, ते त्या यंत्राने पंधरा दिवसांत केलं. ऐकून झालं की तो स्वतःच्या हाताने ते पुसून टाकायचा. पाटी पुसावी तसं.

महिन्याभराने एके दिवशी त्याने पुस्तकाचं अख्खं पान न अडखळता वाचलं. मला इतका आनंद झाला की काय सांगू! त्या दिवशी व्हिडिओ पुसला नाही. रात्री माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकला. खाली लिहिलं, "माझा नवा विद्यार्थी. शाबास!" अंगठे आले, फुलं आली, "बाई, तुम्ही धन्य" वगैरे आलं. मी सुखाने झोपले.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बाकीच्या मुलांना विचारलं तर ती एकमेकांकडे बघून हसू लागली. त्यातल्या एकाने शेवटी सांगितलं. तो व्हिडिओ कुणीतरी पुढे पाठवला होता, तिथून आणखी कुणी, आणि फिरत फिरत तो गावातल्याच गटांवर आला होता. त्या पानावर 'लोणी' हा शब्द होता. तो घरच्या सवयीने 'लोनी' म्हणाला होता. 'पाणी'ला 'पानी'. कुणीतरी तेवढाच तुकडा कापून त्यावर हसण्याची चित्रं चिकटवली होती. दुकानापाशी पोरं त्याला "ए लोनी" म्हणून हाका मारत होती.

मी घाईघाईने गटावरचा व्हिडिओ काढायला गेले. पण पाठवलेलं सगळ्यांच्या फोनमधून पुसायला त्या वेळी तासाभराच्या आसपासचीच मुदत असायची, आणि मधे तर दोन दिवस उलटले होते. वेळेत पुसला असता तरी काय? पुढे गेलेल्या प्रती कुठे परत येतात!

संध्याकाळी त्याच्या घरी गेले. त्याची आई चुलीपाशी होती. बस म्हणाली, चहा ठेवला. मी माफी मागायला शब्द शोधत होते, तेवढ्यात तीच म्हणाली, "बाई, तुमी चांगल्यासाठीच टाकलं आसंल. पन आमाला इचारलं न्हाई."

एवढंच. आवाज चढवला नाही, रागावली नाही. माझ्या नोकरीत मला अनेक अधिकाऱ्यांनी शेरे दिले, पण इतका नेमका शेरा कुणी दिला नव्हता. तिने बोललेल्या भाषेतच तो वाचत होता. हसले होते ते त्याच्या चुकीला नव्हे, त्याच्या घराला हसले होते. आणि त्या घराचं दार मी उघडून दिलं होतं.

तेव्हापासून मी या विषयावर जमेल तेवढं वाचत असते. मोबाईल म्हणजे वाईटच, असं मला आजही म्हणवत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही ते आले. २०२०मध्ये त्यांना १० लाख डॉलरचं जागतिक शिक्षक पारितोषिक मिळालं आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून दिली. झेडपीच्या शाळेतला शिक्षक मोबाईलचं काय करू शकतो, याचं हे उदाहरण आपल्याच मातीतलं आहे.

दुसरी बाजूही बघा. 'असर'च्या २०२४च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं. आदल्या आठवड्यात फोनवर अभ्यासाचं काही केलं, असं ५७ टक्के मुलांनी सांगितलं. सोशल मीडिया वापरला, असं ७६ टक्क्यांनी. फ्रान्सने २०१८मध्येच लहान आणि माध्यमिक वर्गांच्या शाळांत मोबाईल वापरायला बंदी केली. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५पासून १६ वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खातंच ठेवता येत नाही. आणि आपल्या सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायची रीत पाडली. कायदा नाही, दंड नाही. गावाने मिळून ठरवलं.

पण या सगळ्या चर्चेत एक गोष्ट सुटते, असं मला वाटतं. आपण सारखं मुलांच्या हातातल्या फोनबद्दल बोलतो. माझ्या गोष्टीत फोन मुलाच्या हातात नव्हताच. माझ्या हातात होता! आज शाळाशाळांचे गट बघा. स्नेहसंमेलनाचे फोटो ठीक आहेत, पण पाढा चुकणारं पोर, रडणारं पोर, 'गणितात सर्वात कमी गुण' अशी यादी, हेही त्यात येतं. कौतुकाने येतं, गमतीने येतं, उपक्रमाचा पुरावा म्हणून येतं. मुलाला कुणी विचारत नाही.

वर्गाला चार भिंती असतात त्या कशासाठी? मूल आत चुकलं तर ती चूक आतच राहावी म्हणून. चुकल्याशिवाय कुणी शिकत नाही, आणि चारचौघांत हसं होणार असेल तर कुणी चुकायला धजत नाही. पाटीचा मोठा गुण हा की ती पुसता येते. तो मुलगा रोज आपला आवाज ऐकून पुसत होता, तोवर मोबाईलही पाटीच होता. मी तो गटावर टाकला आणि त्याची चावडी झाली.

तर शनिवारी मी सांगणार आहे ते एवढंच. वर्गात मोबाईल आणा. शिक्षकांच्या हातात, कामापुरता. ऐकवा, दाखवा, शब्दकोश उघडा, मुलांना त्यांचा आवाज ऐकू द्या. मुलांचे स्वतःचे फोन मात्र शाळेत नकोत. आणि मुलाचा चेहरा, आवाज, गुण वर्गाबाहेर जाणार असतील तर आधी घरी विचारा, आणि मुलालाही विचारा. ते नाही म्हणालं तर नाही.

राहिलं त्या मुलाचं. मी आठ दिवस रोज संध्याकाळी त्यांच्या दारात जाऊन बसत होते. नवव्या दिवशी तो पुस्तक घेऊन पडवीत आला. बसण्याआधी म्हणाला, "बाई, आधी मोबाईल आत ठिवा." मी उठले, फोन स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर ठेवला आणि रिकामे हात त्याला दाखवले. मग त्याने वाचायला सुरुवात केली. 'लोनी' आलं, 'पानी' आलं. मी काही बोलले नाही.

आता तो हायस्कुलात आहे. ही गोष्ट लिहू का, म्हणून मी काल त्याला विचारलं. म्हणाला, "लिवा, पन नाव नको." म्हणून नाव नाही.